आतून पंच्याण्णव

२२ नोव्हेंबर १९८७, रविवार, सकाळी सव्वादहा. जागा, तुझी मागची गॅलरी. हजर तिघं: सुमनवहिनी, तुझी विद्यार्थिनी कुंदा आणि मी. लोखंडी चौकटी चार, म्हणजे बाजू सोळा. बाहेरून मोजली तर प्रत्येक बाजू शंभर सेंटिमीटर. आतून मोजली तर पंच्याण्णव. सोळाच्या सोळा.

शशी, तुझं तेरावं त्याच्या आदल्या दिवशी झालं होतं. सोसायटीच्या शोकसभेत मला दोनदा बोलायला सांगितलं, मी उठलो नाही. तुझं गाव, तुझं शिक्षण, तुझी नोकरी हे सगळं दुसऱ्यांनी सांगितलं. त्यात दोन ठिकाणी वर्षं चुकली. मी बसूनच राहिलो. चूक दिसली आणि मी बोललो नाही, असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. पण दुरुस्त करून कुणाला सांगणार? ज्याला माझ्या दुरुस्त्या ऐकायची सवय होती तो नव्हता.

या चौकटींचं काय ते आधी सांगतो. तुला सांगायची गरज नाही, पण क्रमाने सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुमच्या कॉलेजची प्राणिशास्त्राची मुलं दर हिवाळ्यात सौराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर जायची. अमावास्येच्या ओहोटीला तिथे समुद्र लांबवर मागे जातो आणि एरवी पाण्याखाली असलेलं प्रवाळ गुडघाभर पाण्यात येतं. किनाऱ्याकडून समुद्राकडे शंभर मीटरची दोरी टाकायची. दर पाच मीटरला एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट ठेवायची आणि तिच्या आत प्रवाळाच्या जिवंत वसाहती किती, ते मोजून लिहायचं. दोरीला वीस आकडे, चार दोऱ्यांचे ऐंशी. पुढच्या वर्षी पुन्हा तीच जागा, तीच मोजणी. त्यावरून प्रवाळ वाढतंय की मरतंय ते कळतं, असं तू मला आपल्या इमारतीच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून समजावलंस. मला ते लगेच पटलं. भांडुपच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून मी वर्षाखेरीला वेगळं काय करतो?

तुमच्या चौकटी तेव्हा बांबूच्या होत्या आणि त्या तरंगायच्या. मुलं एका पायाने चौकट दाबून धरतात आणि दुसऱ्या पायावर उभी राहून मोजतात, हे तू कट्ट्यावरून उतरून, लेंगा वर खोचून, साभिनय करून दाखवलंस. खालच्या मजल्यावरच्या बायका खिडकीत आल्या होत्या. मी म्हटलं, "चौकटी मी करून देतो."

घाटकोपरच्या भटवाडीतल्या एका वेल्डरकडून मी त्या करून घेतल्या. इंची चौकोनी पाइप, वर गंजू नये म्हणून रेड ऑक्साइड, त्यावर पांढरा रंग. चिठ्ठीवर आकृती मी काढली आणि तिच्याखाली लिहिलं, 'एक मीटर बाय एक मीटर, बाहेरून बाहेर.' आमच्या स्टोअरमध्ये वस्तू बाहेरूनच मोजतात. तिने रॅकवर किती जागा अडवली एवढाच आमचा प्रश्न असतो. आत काय मावतं तो वापरणाऱ्याचा प्रश्न. एकवीस वर्षं मी असंच मोजत आलो होतो. चौकटी तयार झाल्यावर चारही मी स्वतः तपासल्या. केसाचाही फरक नव्हता. मला अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवतो.

तू एक उचलून पाहिलीस आणि म्हणालास, "झकास! पण वजन काय रे ह्या? समुद्र दबान जायत."

८२ च्या हिवाळ्यात चौकटी पहिल्यांदा गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, कशा चालल्या? तू म्हणालास, "एकदम बैठक मारून बसतात." त्या वेळी तू आणखी काही बोलला नाहीस. मी ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा आठवून पाहिली आहे. तू चणे खात होतास. तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

पुढच्या वर्षी, ८३ च्या जानेवारीत, तू मलाच बरोबर नेलंस. बेटावर गोडं पाणी नाही. बोट भरतीला माणसं सोडते आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीलाच परत न्यायला येते, मधल्या काळात हाका मारून उपयोग नाही. आदल्या वर्षी मुलांनी पिण्याच्या पाण्याने पाय धुतले होते आणि सगळ्यांना सकाळी घशाला कोरड घेऊन बसावं लागलं होतं. "माका पाण्यार बसवूक एक खडूस माणूस हवो," तू म्हणालास. मी चार दिवसांची रजा टाकली.

सोळा मुलं, तू, तुमचे विभागप्रमुख आणि मी. पाण्याची पिंपं तीन. मी माणशी पेले ठरवले आणि पिंपाजवळ ठाण मांडलं. मुलं मला काका म्हणू लागली आणि माझ्यामागे काय म्हणत होती तेही मला ऐकू येत होतं. "यार, चौकट आहे की पलंग?" "अरे, काकांनी आणलीय. हळू बोल, पाणी कापतील."

तू मला प्रवाळ दाखवायला नेलंस तेव्हा मी लाल रंग शोधत होतो. सगळीकडे मातकट, मोहरीच्या रंगाचे, मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे. मी विचारलं, "पोवळं कुठाय? अंगठीतलं?" तू मुलांसमोर कपाळावर हात मारलास. "मेल्या, ता सोनाराकडे! ह्या जिवंत आसा, ह्येका काय किंमत?" मग तू माझा दंड धरून मला चालवत होतास, कारण मला त्या खडबडीत तळावर तोल सांभाळता येत नव्हता. एका खळग्यात समुद्रफूल, दिसायला फूल पण जिवंत प्राणी, उघडं होतं. तू म्हणालास, बोट लाव. मी लावलं. त्याने माझं बोट धरलं. लहान मूल धरतं तसं, पण थंड. तू म्हणालास, "बघ, तुझी नोंद घेतलीन." पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला दंड धरून कुणी समुद्रात नेत नाही, शशी. त्या अर्ध्या तासाबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण त्याच संध्याकाळी दुसरं घडलं.

दुपारी पाणी वाढू लागलं तसे सगळे परतले. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मुलांचे कागद तू माझ्या हातात दिलेस आणि म्हणालास, बेरजा बघ जरा. मला काम मिळालं याचा मला आनंद झाला. तीन दोऱ्यांचे आकडे किनाऱ्याकडे लहान होते आणि समुद्राकडच्या टोकाला वाढत गेले होते: सतरा, एकवीस, एकोणीस, असे. टोकाला प्रवाळ दाट होतं, मी स्वतःही लांबून पाहिलं होतं. चौथ्या दोरीचे शेवटचे तीन आकडे मात्र नऊ, दहा, नऊ. मागच्या आकड्यांच्या सरासरीला चिकटलेले. स्टोअरमध्ये रॅकपर्यंत न जाता टेबलावर बसून मोजणी करणारा माणूस असेच आकडे लिहितो. मी असे आकडे लांबून ओळखतो.

मी मोठ्याने विचारलं, "चौथी दोरी कुणाची?"

"माझी, काका," कुंदा म्हणाली. वाकोल्याची मुलगी, शेवटच्या वर्षाला. वडील गिरणीत, आणि गिरणी बंद असल्यामुळे तेव्हा वर्षभर घरी. हे मला नंतर कळलं. त्या वेळी ती माझ्यासाठी चौथी दोरी होती.

"शेवटचे तीन तू मोजलेस?"

"हो."

तू म्हणालास, "दिगू, चहा घे."

मी म्हटलं, "थांब. बाकीच्या तिघांना टोकाला वीसवीस आणि तुला नऊ? मोजलेस की लिहिलेस?"

तू पुन्हा म्हणालास, "दिगू, चहा निवतोय."

तिने एकदा तुझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिहिले."

बाकीची पंधरा मुलं ऐकत होती. विभागप्रमुख दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांनी ऐकलं नसतं तर तू ते तीन आकडे खोडले असतेस आणि विषय तिथेच संपला असता. त्यांनी ऐकलं, म्हणून संपला नाही. तिची वही नामंजूर झाली, तिला प्रात्यक्षिकाला बसू दिलं नाही आणि तिचं वर्ष गेलं. ते वर्ष तिने वाकोल्यात शिकवण्या घेऊन काढलं.

परतीच्या प्रवासात सुरतेपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. मग म्हणालास, "तिच्या पायाक काय लागला ता बघलंस?" मी पाहिलं नव्हतं. सगळ्या मुलांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते, तिच्या पायात प्लॅस्टिकच्या पावसाळी चपला. टोकाकडच्या धारदार प्रवाळाने चपलेतून तळवा कापला होता. तिने रुमाल बांधला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटच्या तीन चौकटींपर्यंत ती पोचूच शकली नव्हती. सोबतची मुलं दोरी गुंडाळून पुढे गेली होती.

"तू आकडो बघलंस," तू म्हणालास, "पाय नाय बघलंस."

मी म्हटलं, "मग तसं लिहायचं. पाय कापला, तीन चौकटी मोजल्या नाहीत. मोजलं नाही ते मोजलं म्हणून लिहायचं नाही."

"एकोणीस-वीस वर्षांचा पोर आसा रे ता."

"आकड्याला वय नसतं."

आपला वाद तिथे सुरू झाला आणि पावणेपाच वर्षं चालला. रोज नव्हे. आठ-पंधरा दिवसांनी केव्हातरी, टाकीच्या कट्ट्यावर, दुसऱ्याच कुठल्यातरी बोलण्यातून तो निघायचा. तू म्हणायचास, चूक दाखवायला जागा असते आणि वेळ असते. मी म्हणायचो, चूक ज्या क्षणी दिसते ती तिची वेळ. तू म्हणायचास, चारचौघांत दाखवलेली चूक माणूस सुधारत नाही, फक्त लपवायला शिकतो. मी म्हणायचो, कुंदा बघ, दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्गात आली. तू म्हणायचास, "ती तुझ्यामुळे नाही आली, तुझ्यानंतर आली."  मग मी उठून घरी जात असे. दुसऱ्या दिवशी सात वाजता तू कट्ट्यावर असायचासच. "काय दिगू, आज किती?"

हे तू मला कधीपासून विचारायला लागलास ते मी मोजलेलं नाही. आज किती. मी काहीतरी सांगायचो. आज कारखान्यात चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या फाडल्या. आज फाटकापासून इथपर्यंत एकशे बारा पावलं, काल एकशे नऊ होती, म्हणजे दमलोय. तू ऐकून घ्यायचास. हसायचास, पण ऐकून घ्यायचास. घरी मालतीने एकदाच म्हटलं होतं, तुमचे आकडे ऐकायला त्या शशीभाऊजींना पगार मिळतो का हो?

८ तारखेला, रविवारी, तू शेवटचं विचारलंस, आज किती? मी म्हटलं, एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू कॉलेजच्या जिन्यात बसलास आणि उठला नाहीस. ते एक्केचाळीस कशाचे होते ते मला आठवत नाही. एकोणीस दिवस आठवतोय. कधीच असं झालेलं नाही.

तर तो २२ तारखेचा रविवार. कॉलेजात सामान चोरीला जातं म्हणून चौकटी तुझ्याच गॅलरीत असायच्या, वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे. कुंदा आता तुमच्याच विभागात प्रात्यक्षिकं घेते. यंदा मुलांना बेटावर ती नेणार. ती चौकटी न्यायला आली तेव्हा वहिनींनी मला वर बोलावलं. "भाऊजी, तुमच्या हाताने द्या. त्यांना आवडलं असतं."

मी टेप आणि कागद घेऊन गेलो. वस्तू द्यायची तर मोजून, लिहून, सही घेऊन द्यायची. एवढ्या वर्षांत मी कुंदाशी एकदाही बोललो नव्हतो. ती तुझ्याकडे येताना जिन्यात भेटली तर 'काका' म्हणायची आणि मी मान हलवायचो. ती आता साडी नेसते, चष्मा लावते.

मी टेपचं एक टोक तिच्याकडे दिलं. ती चौकटीशी वाकली आणि तिने टोक आतल्या कडेला लावलं. तिने विचार करून लावलं नाही, हात तिथेच गेला. चौकटीच्या आत काय आहे ते जी मोजते, तिचा हात आतच जाणार. मी माझ्या बाजूने टेप ओढली आणि आतल्या कडेवर वाचलं. पंच्याण्णव.

मी म्हटलं, "नीट धर."

"धरलीय, काका."

पुन्हा पंच्याण्णव. मी बाहेरून मोजली. शंभर. मग दुसरी चौकट, तिसरी, चौथी. वहिनी दारात उभ्या होत्या. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं. मी मनात गुणाकार करत होतो. पंच्याण्णव गुणिले पंच्याण्णव. नऊ हजार पंचवीस. व्हायला हवेत दहा हजार. चौकट मीटरची नव्हतीच. जवळजवळ एक दशांश जागा पाइपांखाली झाकली जात होती. म्हणजे सहा वर्षांतला एकूण एक आकडा कमी. ऐंशी गुणिले सहा, चारशे ऐंशी आकडे. आणि त्यांतल्या तिनांसाठी मी एका मुलीला सतरा माणसांसमोर उभं केलं होतं.

मी कुंदाला म्हटलं, "ही चौकट चुकीची आहे. माझी चूक आहे. तुमचे सगळे आकडे चुकलेत."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे. मग म्हणाली, "नाही चुकले, काका. सर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून द्यायचे. आलेला आकडा पॉइंट नाइनने भागायचा. चौकटीत नऊ दिसले तर मीटरला दहा."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. आमच्या आधीच्या बॅचला पण तेच होतं." आणि मग, "आम्ही त्याला काका फॅक्टर म्हणायचो. सॉरी."

वहिनींना हसू आलं. चौदा दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मी विचारलं, "मग मला कुणी का सांगितलं नाही?"

"सरांनी तंबी दिली होती. काकांसमोर अक्षर काढायचं नाही. म्हणायचे, त्या माणसाने एवढ्या हौसेने करून दिल्यात."

शशी, मी गॅलरीतल्या स्टुलावर बसलो. म्हणजे त्या संध्याकाळी, कंदिलासमोर, मी जेव्हा 'मोजलेस की लिहिलेस' म्हणून विचारत होतो, तेव्हा तुला ठाऊक होतं. तुझ्याजवळ एक वाक्य होतं. 'दिगू, आधी तुझी चौकट मोज.' ते तू उच्चारलं असतंस तर मी जागच्या जागी गप्प झालो असतो, मुलं हसली असती आणि कुंदा कदाचित सुटली असती. तू म्हणालास, चहा घे. आणि नंतर पावणेपाच वर्षं मी कट्ट्यावर बसून तुला आकड्यांचं पावित्र्य शिकवत होतो आणि तू ऐकून घेत होतास.

हे तू माझ्यावरच्या मायेने केलंस, की हे माझ्याने सोसणार नाही असा माझ्याबद्दल हिशेब बांधून? मला वाटतं दोन्ही. आणि दुसरा भाग मला लागलेला आहे. मला सांगितलं असतंस तर मी त्याच रात्री घाटकोपरला गेलो असतो. चिडलो असतो, चार दिवस जेवलो नसतो, पण गेलो असतो. तू मला ती संधी दिली नाहीस. माझी चूक दाखवायला तू जागा आणि वेळ बघत राहिलास आणि ती वेळ आलीच नाही. तुझीच बाजू धरली तरी हे तुझ्याच विरुद्ध जातं बघ. हा मुद्दा मी तुला कट्ट्यावर ऐकवला असता. चांगला मुद्दा आहे. तुला उत्तर द्यायला अवघड गेलं असतं.

आणि तरी, माझी लाज तू इतकी वर्षं तुझ्या गॅलरीत, कपड्यांच्या मागे झाकून ठेवलीस. असं माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलेलं नाही. मी कुणासाठी केलेलं नाही.

मी कुंदाला विचारलं, "तुलाही ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तू का नाही बोललीस?"

"काय बोलणार?" ती म्हणाली. "पाण्याची पिंपं तुमच्याकडे होती. अर्धा दिवस काढायचा होता अजून." मग तिने चष्मा काढून पुसला. "आणि काका, मी खोटंच लिहिलं होतं. तुमची चौकट लहान निघाली म्हणून माझं खरं होत नाही. सर मला सारखे म्हणायचे, जाऊ दे, जाऊ दे. मला ते पण आवडायचं नाही."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. पावणेपाच वर्षं मी तुझ्याशी जो वाद घालत होतो, त्यातली माझी बाजू ती माझ्यापेक्षा बरी मांडत होती. आणि ती बाजू जिंकावी असं मला वाटत नव्हतं.

मी म्हटलं, "मी तुला एकटीला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "ते हवं होतं."

एवढंच. तिने माफ केलं असंही म्हटलं नाही, नाही केलं असंही नाही. मग मी विचारलं, "पाय कसा आहे?"

ती हसली. "काका, पाच वर्षं होत आली!"

"तरी."

"बरा आहे. पावसाळ्यात थोडं दुखतं."

मी म्हटलं, चार नवीन चौकटी करून देतो, आतून शंभरच्या, उद्याच जातो. ती ओरडलीच. "नको हां काका! सहा वर्षांचं सगळं याच चौकटींवर आहे. आता बदलल्या तर मागचं पुढच्याशी लागणार कसं? चूक माहिती आहे ना, मग चालते. फक्त बदलायची नाही." म्हणजे माझी चूक आता शास्त्राच्या कामाची झाली आहे आणि मला ती दुरुस्त करायला मनाई आहे. तुला हे ऐकून किती हसू आलं असतं!

मग दुसरं काय हवं, मी विचारलं. ती आधी काही नाही म्हणाली. मग म्हणाली, दरवर्षी दोघंतिघं तरी चपला घालून येतातच. सर इमारतीतून जुने बूट गोळा करून आणायचे, पण ते कुणाच्या मापाला बसायचे नाहीत. मला आठवलं. दर डिसेंबरात तू दारोदार जुने बूट मागत फिरायचास. माझ्या मुलाचा एक जोड मीही दिला होता. कशाला हवाय, असं विचारलं तर तू म्हणाला होतास, "खेकडे ठेवूक."

पावतीवर मी लिहिलं: लोखंडी चौकटी चार, बाहेरून शंभर, आतून पंच्याण्णव सेंटिमीटर. तिने सही केली. मी साक्षीदार म्हणून वहिनींची घेतली. देणाऱ्याच्या जागी मी तुझं नाव लिहिणार होतो, पण तू हजर नव्हतास. माझं लिहिलं.

बुधवारी तिने चिठ्ठी पाठवली. यंदाच्या मुलांपैकी ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांच्या पायांची मापं, तिने वर्गात न विचारता एकेकाला बोलावून घेतलेली. तीन मुलगे, दोन मुली. सहावं माप तिने लिहिलं नव्हतं. मी निरोप पाठवून ते मागवलं. तिचं स्वतःचं.

शनिवारी, २८ तारखेला, स्टेशनसमोरच्या बुटांच्या दुकानात गेलो. कॅनव्हासचे, जाड तळाचे. प्रत्येक जोडात हात घालून आतून टाचेपासून टोकापर्यंत पाहिला. दुकानदार म्हणाला, "साहेब, नंबर लिहिलाय ना वर." मी म्हटलं, असू दे. जोडी बत्तीस रुपयांप्रमाणे एकशे ब्याण्णव रुपये त्याला रोख दिले, पावती घेतली, बूट कुंदाकडे पोचवले.

परत आलो तेव्हा सात वाजत होते. टाकीच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसलो. वॉचमन येऊन पंप चालू करून गेला. कुणी काही विचारलं नाही.

सहा, शशी. आज सहा.